सरांच्या पेशी

श्यामसुंदर सरांच्या लॅबमध्ये नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी हमखास मिळणारी गोष्ट म्हणजे सरांच्या पेशी. खुर्ची, टेबल, प्रश्न विचारायची मुभा हे सगळं नंतर, जमल्यास. तरुणपणी परदेशात असताना सरांनी या पेशींतल्या एका प्रथिनाला चमकणारा हिरवा टॅग जोडला होता, म्हणजे ते पेशीत कुठं जातं ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसावं. तेव्हापासून त्या पेशी विरजणासारख्या एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जात होत्या. विरजण मुळात कुणाच्या घरचं, हे कुणी विचारत बसत नाही. टॅग प्रथिनाच्या कुठल्या टोकाला लावलाय, हेही कुणी विचारलं नव्हतं.

पेशीचं विभाजन होताना तिच्यात सूक्ष्मनलिका तयार होतात, अगदी बारीक दोरांसारख्या. हे दोर वाढतात, आखडतात, गुणसूत्रांना धरून मधोमध ओळीत आणतात आणि मग दोन्हीकडे सारखी वाटणी करतात. दोर कुठवर वाढायचा ते त्याच्या टोकाशी बसलेली प्रथिनं ठरवतात. सरांचा सिद्धांत असा की त्यांचं हे प्रथिन दोर वाढवतं. त्यांच्या पेशींत दोर लांबलचक होतातच, तेव्हा शंकेला जागा कुठं? या एका वाक्यावर सरांची प्राध्यापकी उभी होती, पुरस्कार उभे होते आणि पुष्करचा प्रबंधही उभा होता. पुष्कर म्हणजे सरांचा लाडका विद्यार्थी. पीएचडी झाली तरी लॅब सोडायला तयार नव्हता, आणि सरही त्याला सोडायला तयार नव्हते.

सर पुष्करला ‘तू’ म्हणत आणि त्याच लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्या निकिताला ‘तुम्ही’. बाहेरच्या माणसाला हा आदर वाटेल. पुण्यात राहणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

निकिता धायरीहून यायची. तिची आई नंदाताई जिल्हा परिषदेत कारकून. मुलगी डॉक्टर होणार हे त्यांनी विहारात सगळ्यांना इतक्या आधीपासून सांगून ठेवलं होतं, की लोक आता ‘झाली का?’ असं विचारायला लागले होते. निकिताची शिष्यवृत्ती संपली होती आणि प्रबंध अडकला होता.

अडकला तो असा. इनक्युबेटर बिघडला आणि निकिताच्या वाटच्या पेशींवर बुरशी आली. तिनं पुष्करकडे मागितल्या. ‘माझ्याकडच्या मला पुरत नाहीत,’ असं तो म्हणाला. म्हणून तिनं नव्यानं पेशी तयार केल्या. हाताशी असलेल्या साहित्यात टॅग प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला बसत होता, तिनं तिथं बसवला. तिला काही क्रांती करायची नव्हती.

पण नव्या पेशींत दोर आखूड झाले. बेताचे, नीटस, आणि गुणसूत्रं मधोमध शिस्तीत उभी. प्रथिन दोराच्या टोकाशी जाऊन बसत होतं आणि वाढ थांबवत होतं.

तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. मग तिनं जुन्या टॅगची जागा शोधून काढली, आणि तिला हसावं की रडावं कळेना. प्रथिन ज्या टोकानं दोराची वाढ रोखतं, नेमक्या त्याच टोकाला सरांनी टॅग चिकटवला होता. म्हणजे सरांचं प्रथिन दोराच्या टोकाशी पोचायचं, काम काही करू शकायचं नाही, आणि पेशीतल्या मूळच्या, बिनटॅगच्या प्रथिनाला तिथं बसूही द्यायचं नाही. खुर्ची अडवून बसलेल्या माणसासारखं. लगाम धरणारं कुणी नाही म्हटल्यावर दोर सुटले होते मोकाट. सर त्यालाच वाढ म्हणत होते.

ती सरांच्या खोलीत गेली, नव्या पेशींच्या चित्रफिती दाखवल्या. सरांनी त्या शेवटपर्यंत पाहिल्या, हे कबूल केलं पाहिजे.

“छान फिल्म काढता तुम्ही,” ते म्हणाले. “चूक कुठं झाली असं वाटतं?”

“सर, चूक जुन्या टॅगमध्ये आहे.”

“म्हणजे माझी.”

“टॅगच्या जागेची, सर.”

“इतकी वर्षं, इतकी मुलं, पुष्करसारखा मुलगा. कुणालाच दिसलं नाही, आणि तुम्हाला दिसलं. आपण रिपीट करावं हे उत्तम.”

तिनं रिपीट केलं. पुष्करचं एकदा आलेलं पुरत असे, निकिताचं कितीदाही आलं तरी कमीच. शेवटी एका दुपारी सरांनी तिला बोलावून चहा मागवला. सर चहा मागवतात म्हणजे काहीतरी काढून घेणार, हे लॅबमधल्या भिंतींनाही माहीत होतं.

“हे प्रकरण प्रबंधातून काढा,” सर म्हणाले. “बाकीचं पुरेसं आहे, मी उद्या सही करतो. हे आपण नंतर स्वतंत्र पेपर म्हणून करू. पहिलं नाव तुमचंच. हे ठेवायचं असेल तर मला अजून वर्षभर तरी तपासावं लागेल. घाई तुम्हाला आहे, मला नाही.”

निकितानं प्रकरण काढलं. तिला दोष देणाऱ्यांनी आधी वर्षभर बिनपगारी राहून दाखवावं.

तोंडी परीक्षा सर्वांसाठी खुली होती. नंदाताई ठेवणीतली पांढरी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नागपूरहून आलेल्या परीक्षक श्यामलाबाईंनी प्रबंध खरंच वाचला होता. असं क्वचित होतं, आणि व्हायचं तेव्हा नेमकं होतं.

“एकच विचारते,” बाई म्हणाल्या. “हा टॅग दुसऱ्या टोकाला लावून पाहिलात का? कारण या टोकाला तो प्रथिनाला काम करू देईल, असं मला वाटत नाही.”

निकितानं सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. अंतिम अहवालावर त्यांची सही अजून व्हायची होती. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की पाहिलंय, बाई, वर्षभर तेच पाहिलंय, खाली दुसऱ्या मजल्यावर आत्ताही त्या पेशी जिवंत आहेत.

“नाही,” ती म्हणाली.

“फार मार्मिक प्रश्न,” सर चष्मा चढवत म्हणाले. “आमचा पुष्कर सध्या नेमकं हेच करतोय. फार सुंदर निकाल येताहेत.”

पुष्करनं मान खाली घालून विनय दाखवला. कुणाच्या पेशींवर येताहेत, ते निकिताला विचारावं लागलं नाही. बाईंनी अहवालात लिहिलं की प्रबंध मंजूर करावा, मात्र या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विद्यार्थिनीला सुचलेला दिसत नाही.

सरांनी सही केली. टाळ्या झाल्या, सामोसे झाले. नंदाताईंनी सरांना वाकून नमस्कार केला आणि निकिताला तो पाहावा लागला.

परतताना सिंहगड रोडला रिक्षा अडकली. नंदाताईंनी लेकीचा हात हातात घेतला.

“मनाला लावून घेऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “एखादं उत्तर नाही आलं तर नाही आलं. त्या पुष्करला सुचलं, तो हुशारच असेल. सगळ्यांनाच सगळं कुठं सुचतं?”

“हो, आई,” निकिता म्हणाली.