कुंकू लागलेला ओबो

मित्रांनो, मी एक जुना ओबो आहे. काळ्या लाकडाचा, चांदीच्या चाव्यांचा. सनईचा लांबचा भाऊ म्हणा ना. जन्मापासूनच मी भित्रा. ऱ्हाईनकाठच्या कारखान्यात मला तासून भोकं पाडली, तेव्हाच चिरण्याची धास्ती माझ्या मनात बसली. पुढे एका वादकानं कडाक्याच्या थंडीत मला ऊब न देताच फुंकलं आणि खरोखरच चीर गेली. एके काळी टाळ्या घेणारा मी जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या विद्यापीठात कपाटात जाऊन पडलो. तिथं पीएचडी करणाऱ्या वल्लरीनं मला बाहेर काढलं. चीर बुजवून घेतली. आता ती वाजवण्याआधी मला काखेत धरून ऊब देते.

यंदा तिच्या वाद्यवृंदानं एक जुनी शोकरचना बसवली, लेक गमावलेल्या बापानं लिहिलेली. त्यात सगळी वाद्यं रडून रडून गप्प होतात आणि मग मी एकटा हळूच सूर धरतो. तिथून आशा उगवते. तो सूर फुटलाच नाही तर, या विचारानं मला कापरं भरायचं.

कार्यक्रम नेमका खंडेनवमीला आला. वल्लरीच्या सासूबाई, लतिकाबाई, पुण्याहून आल्या होत्या. यजमान गेल्यापासून त्यांनी हळदी-कुंकवाला हात लावला नव्हता. त्या सकाळी मात्र मला लॅपटॉपशेजारी पाटावर ठेवून त्यांनी स्वतःच्या बोटानं कुंकू लावलं. ओलं कुंकू चावीखालच्या बारीक भोकात उतरलं. मला ओरडावंसं वाटलं, पण कुणी फुंकल्याशिवाय मला आवाज कुठला?

संध्याकाळी सभागृहाबाहेर वल्लरीनं मला फुंकलं, तर माझा घसा बसलेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. चावी उचलताच लाल डाग दिसला. पिशवी धरून शेजारी उभ्या लतिकाबाईंनाही तो दिसला.

"मीच लावलं गं," त्या कुजबुजल्या. "माझ्या हातानं लावायलाच नको होतं."

"तसं नका म्हणू, आई. निघेल ते."

वल्लरीनं पातळ कागद चावीखाली सरकवला. कागद लाल झाला, पण भोक पुरतं मोकळं झालं की नाही, हे बघायला वेळच उरला नाही.

रंगमंचावर सगळी वाद्यं रडली. मग ती शांतता आली. भीतीनं माझी जुनी चीरसुद्धा ठणकू लागली. वल्लरीनं फुंकलं. क्षणभर नुसती हवा. आणि मग सूर आला, जरा घोगरा, पण आला.

बाहेर आल्यावर ती सासूबाईंना म्हणाली, "आई, पुढच्या वर्षीही कुंकू तुम्हीच लावायचं. फक्त याच्या पेटीला लावा."

मित्रांनो, आम्हा वाद्यांना थंडीपासून, ओलीपासून जपा, हे तर आहेच. पण मायेनं कुणाच्या हातून आमचं काही बिघडलं, तर आधी त्या माणसाला जपा. आम्हाला काय, पुसून घेता येतं.