गाडी कुणाची?

मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे. माझे पायडल पायांनी नव्हे, हातांनी फिरवतात. मित्रांनो, लोखंडाला कसला आलाय धक्का, असे तुम्ही म्हणाल. पण आष्ट्याच्या आमच्या दुकानात एका सकाळी जे घडले, ते आठवले की अजूनही माझ्या सांध्यांत कापरे भरते.

माझा जन्म एकोणीसशे एक्क्याण्णव सालचा. कृष्णात नावाचा वेल्डर उसाच्या ट्रॉल्या आणि खिडक्यांचे गज जोडून देई. त्याची धाकटी बहीण राहीबाई. लहानपणीच पोलिओने तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. विकतच्या गाड्या तिला फार उंच होत, म्हणून कृष्णातने तिच्या मापाने मला घडवले. माझ्यावर बसून ती पहिल्यांदा एकटी बाजारात गेली, तेव्हा तिने वांगी स्वतः निवडली आणि भाजीवालीशी भावावरून चांगली भांडली. घरी येईपर्यंत ती हसत होती.

मला पाहून लोक येऊ लागले. कुणाला गाडी हवी असे, कुणाला कुबड्या. कृष्णात जोडकाम करी. राहीबाई घरोघरी जाऊन शिकवी, खाटेवरून गाडीत स्वतःला कसे उचलायचे, उतारावर ब्रेक कसा धरायचा. माझे कौतुक तर विचारू नका. तरी आमच्या दुकानाला ना पाटी होती, ना नाव.

साताऱ्याचे अनंतराव आपल्या मुलीसाठी, अबोलीसाठी, गाडी न्यायला आले, तेव्हा त्यांनी हा विषय काढला. "कृष्णात, सांगलीला जाऊन धंद्याची रीतसर नोंदणी करून टाका. हे काम लपून राहण्यासारखं नाही."

ते गेल्यावर कृष्णात म्हणाला, "एकदा कागुद झाला की सायब दारात येनार. ह्ये का केलं, त्ये का न्हाई केलं. आपलं हाय त्ये बरं चाललंय."

राहीबाईलाही भीतीच वाटत होती. "मी चौथी शिकलेली. तू कोण शिकवनारी, असं इचारलं तर काय सांगू?"

विषय निघे आणि विरून जाई. मला वाटे, बरेच झाले. नाव कशाला हवे? गाड्या चालताहेत ना!

मग ती सकाळ उजाडली. दारात जीप थांबली आणि पलूसचे नानासो उतरले. त्यांचा मुलगा गुंडा टेलिफोनचे बूथ चालवत असे. घर ते बूथ तो आमच्याच गाडीवरून ये-जा करी. नानासोंनी एक लोखंडी चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरून ठेवणारा भाग, कृष्णातच्या पायांपुढे आपटला. तो जोडापाशी तुटला होता.

"काल उतारावर मोडला. पोरगं तोंडावर पडलं. उजवा हात मोडलाय त्याचा. पाय देवानं न्हेलं, आता हात तू न्हेलास!"

मी गारठले. ज्याचे सगळे चालणे हातांवर, त्याचाच हात! गल्लीतली माणसे जमली. कृष्णातचा चेहरा पांढरा पडला. तो काहीतरी धीराचे बोलेल, असे मला वाटले. तो म्हणाला, "आवं नाना, आमची कशावरनं? नाव हाय का हेच्यावर कुनाचं? असल्या गाड्या आता कुटंबी मिळत्यात."

मित्रांनो, मला ऐकलेले खरे वाटेना. ज्याने माझा एकेक जोड हाताने घासून पाहिला, तोच हा माणूस? गाडी इथलीच, हे दाखवायला नानासोंपाशी काहीच नव्हते.

राहीबाईने माझे पायडल फिरवले. गर्दी बाजूला झाली. तिने वाकून चिमटा उचलला, जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "दादा, ही आपलीच हाय."

"राहे, गप ऱ्हा."

"ही जोडली त्या दिशी लाइट कमीजास्त हुत हुती. जोड नीट बसंना, तवा मी म्हनलं हुतं, उद्या कर. तू म्हनलास, चालतंय." तिने तुटका जोड त्याच्यापुढे धरला. "न्हाई चाललं, दादा."

कृष्णात भिंतीला टेकून खाली बसला.

त्याच दिवशी टेम्पोत मला घालून दोघे पलूसला गेले. गुंडा हात गळ्यात बांधून ओसरीवर पडला होता. कृष्णातने त्याचे पाय धरले. गुंडाने मान फिरवली. भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "पडलो तवा मानसं इचारत हुती, गाडी कुनाची? मला सांगताच येईना. तुमच्या दुकानाला नावच न्हाई. म्हनूनच तुमाला 'आमची न्हाई' म्हनता आलं."

परतताना आष्टा जवळ आल्यावर कृष्णात म्हणाला, "राहे, सांगलीला जाऊ. सायब येऊ द्यात दारात. गाडी मोडली तर मानसं तरी कुटं जानार?"

नोंदणीआधी मात्र त्यांनी दुकान बंद ठेवले आणि गावोगाव हिंडून आपल्या गाड्या तपासल्या. मलकापुरात एका बाईच्या गाडीला त्याच जोडापाशी चीर सापडली. ती चीर पाहून कृष्णात रस्त्यातच रडला. मग सांगलीच्या कचेरीत दोघांची नावे मालक म्हणून लागली. राहीबाईला ज्याची भीती होती, तसा प्रश्न साहेबांनी विचारलाच. "तुम्ही काय करता?" ती म्हणाली, "बसाय आनि चालवाय शिकवती. गाडी मोडली तर वरडा खाती."

दुकानावर पाटी चढली. प्रत्येक गाडीच्या दांड्यावर दुकानाचे आणि गावाचे नाव कोरले जाऊ लागले. गुंडाचा हात सांधला, पण थोडा वाकडा. कित्येक महिने तो आला नाही. आम्ही त्याच्या येण्याची आशा सोडली होती.

एके दुपारी नानासो त्याला पाठुंगळी घेऊन दारात उभे राहिले. गुंडा म्हणाला, "गाडी पायजे. पर माझ्या म्होरं जोडायची."

राहीबाईने त्याला माझ्यावर बसवले. कृष्णातने तोंडापुढे वेल्डिंगची काळी काच धरली आणि काम सुरू केले. अधेमधे गुंडा हात वर करी, कृष्णात थांबे, जोड गार होऊ देई, घासून त्याच्यापुढे धरी. गुंडाने होकाराची मान हलवली नाही, की तो जोड तोडून पुन्हा करी. शेवटच्या जोडाला गुंडाने मान डोलावली, तेव्हाच कृष्णातने दांड्यावर नाव कोरले.

मित्रांनो, आता माझा रंग उडाला आहे, तरी राहीबाई रोज माझे नटबोल्ट पिळून बघते. तुमच्या गल्लीत माझ्यासारखी गाडी दिसली, तर बसलेल्या माणसाला विचारल्यावाचून ढकलू नका. कुठे काही खिळखिळे वाटले, तर त्याला सांगा. आणि तुम्ही केलेली वस्तू कुणाच्या हाती मोडली, तर घरात लपू नका. दार उघडून बाहेर या.