गोळीच्या आधीचा शब्द

मी एक स्वस्तातला फोन बोलतोय. आजवर माझ्यातून तुम्हीच बोललात. आज गप्प बसा आणि ऐका. गोड बोलेन अशी आशा मात्र ठेवू नका.

कारखान्यातून निघालो तेव्हाच मी मंद होतो. माझा पहिला मालक म्हणजे एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीच्या साहेबांचा सासरा. त्याला जावयानं नवा फोन दिला आणि मी साहेबांच्या बॅगेतून ऑफिसच्या खणात येऊन पडलो.

ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. रबराचा वास जिन्यानं वर यायचा. तिथली डझनभर माणसं एक ॲप बनवत होती. दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांना कोणतं औषध केव्हा आणि किती घ्यायचं, ते हे ॲप सांगायचं. काम चांगलं होतं, पण करायची तऱ्हा अशी की वेळ उरला तर तपासायचं, नाहीतर देवाचं नाव घेऊन पाठवून द्यायचं.

मग तपासणीसाठी एक बाई आली. सगळे तिला खडूस म्हणत, आणि ती होतीच. तिनं मला खणातून काढलं, पुसलं आणि सगळ्यांना ऐकवलं, "ॲप याच्यावर नीट चाललं तरच बाहेर जाईल. आणि एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पुढे सरकणार नाही."

त्या दिवसापासून मला शिव्या पडायला लागल्या. सगळ्यात जास्त हिरोच्या. हिरो म्हणजे तिथला मुख्य प्रोग्रामर. आपला कोड दुसऱ्या कुणी वाचायचा म्हटलं की त्याच्या कपाळाची शीर उठायची. मला तर तो टेबलावर आपटायचाच. "हे डबडं कोण वापरतं आता?"

"म्हातारी माणसं वापरतात. आणि अक्षरं मोठी करून वापरतात," खडूस म्हणायची.

एकदा तिनं माझी अक्षरं मोठी केली आणि ॲप उघडलं. चौकटीत 'अर्धी गोळी' असं दिसायला हवं होतं. दोन शब्द एका ओळीत मावेनात. 'अर्धी' वर सरकून गायब झालं आणि खाली नुसतं 'गोळी' उरलं.

तिनं मला साहेबांसमोर धरलं.

"उद्या दवाखान्याला द्यायचंय. पुढच्या वेळी दुरुस्त करू," साहेब म्हणाले.

"पुढच्या वेळेपर्यंत लोक गोळ्या घेणार नाहीत का?"

हिरो फिस्सकन हसला. "अक्षरं लहान ठेवा म्हणावं त्यांना."

"तू कंपनीच्या बाजूची आहेस की रुग्णांच्या?" साहेबांनी आवाज चढवला. उत्तराची वाट न बघता त्यांनी ॲप पाठवायला सांगितलं. मी परत खणात, पण खण अर्धा उघडाच राहिला.

काही दिवसांनी एक माणूस जिना चढून आला. त्यानं एक फोन टेबलावर ठेवला. माझ्याच जातीचा, मोठ्या अक्षरांचा.

"वाचा," तो म्हणाला.

साहेबांनी वाचलं. "गोळी."

"अर्धी घ्यायची होती. आईनं अख्खी घेतली. रक्तदाब उतरला, न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलंय." त्यानं फोन ओढून घेतला. "आणि मी तिला नाही नाही ते बोललो. म्हटलं, धड वाचता येत नाही तर विचारायचं होतंस."

साहेब चाचरले, "फोन जरा जुना आहे हो..."

"आईसुद्धा जुनी आहे. काय करू, टाकून देऊ?"

कुणीतरी पाणी आणलं. त्यानं हात लावला नाही. तो गेल्यावर साहेब खडूसवरच घसरले. "तू जोर लावून सांगायला हवं होतंस!" तिनं बघितलं फक्त. असं बघितलं की मला माझी काच तडकेल असं वाटलं.

त्याच दिवशी साहेबांनी स्वतः दवाखान्याला फोन करून ॲप बंद करायला लावलं. सगळ्या रुग्णांना निरोप गेले. दुरुस्ती हिरोनंच केली. खडूसनं त्याचा कोड ओळ न् ओळ वाचला, दोनदा परत पाठवला. तो दातओठ खात होता, पण बदलत होता. मग ती म्हणाली, "आता चल. त्या पडलेल्या आजींच्या घरी जाऊन दाखवायचंय."

मी तिच्या पर्समध्ये होतो. म्हातारी खाटेवर पडली होती. मुलगा दाराशी उभा होता. हिरोनं मला तिच्यासमोर धरलं. "आजी, आता बघा, 'अर्धी गोळी' नीट दिसतंय."

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. "त्या दिवशी काय दिसत होतं?"

हिरोची मान खाली गेली. "नुसतं 'गोळी'."

"म्हणजे मी वाचलं ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं, आजी. चूक माझी होती."

म्हातारीनं मान वळवली. "ऐकलंस रे?" मुलगा आत येऊन तिच्या पायाशी बसला. "मग झालं. जा आता तुम्ही दोघं."

चहासुद्धा विचारला नाही. बरं केलं.

आता खडूसचे दोन्ही नियम तिथं पाळले जातात. कुरकुरत, पण पाळतात. तिची माफी मात्र कुणी मागितली नाही, आणि तीही कुणाशी हसून बोलत नाही.

माझी बॅटरी फुगलीय. एकदोन दिवसांत मला काढून टाकतील. टाका. हळहळू नका, मला तुमची दया नको. फक्त माझ्या जागी चकचकीत फोन आणू नका. माझ्यासारखाच एखादा रडका, मंद फोन आणा. तो तुमचं काम मोडून दाखवील तेव्हा त्याच्याकडे हवं तेवढ्या रागानं बघा. पण बघा.