आता उलट क्रमाने

“या, बसा. काय होतंय तुम्हाला?” भावाचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढत नणंदेने विचारलं.

“वन्सं, काय होतंय ते डॉक्टरांनीच तर मला सांगितलंय.”

“मग उठ आणि परत ये. मला सुरुवात जमली नाही.”

ती हसली. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदाच. स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली होती. पण लहान होती, वेळेत सापडली होती, पसरलेली नव्हती. नुसती गाठ काढून पुढे काही आठवडे रोज रेडिएशन घ्यायचं, किंवा पूर्ण स्तन काढायचा. तुमच्या बाबतीत आयुष्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, असं डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. उद्या सकाळी उत्तर द्यायचं होतं, म्हणून स्वयंपाकघरात ही रंगीत तालीम.

“तर बाई, नुसती गाठ काढू, की सगळंच?”

दारात नवरा उभा होता. आठवडाभर त्याचं एकच पालुपद चाललं होतं, ‘काढूनच टाकू, मागे कटकट नको.’ त्यात हट्ट नव्हता. तो घाबरला होता.

“सगळंच,” ती म्हणाली. “या वयात काय करायचंय आता?”

नवऱ्याने सुटकेचा सुस्कारा सोडला आणि तो गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला गेला.

चष्म्याच्या दुकानात नजर तपासण्यात तिची उमर गेली होती. डोळ्यापुढे एक भिंग, मग दुसरं. पहिलं बरं की दुसरं? माणसं बिचारी तपासणारीला बरं वाटेल असं उत्तर द्यायची. म्हणून ती थोड्या वेळाने तीच भिंगं उलट क्रमाने लावून पुन्हा विचारायची. गेल्याच महिन्यात नणंद त्या खुर्चीत बसून करवादली होती, “एकदा सांगितलं ना? शाळेत मास्तरांनीही इतकं छळलं नव्हतं!”

नणंद उठली, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पुन्हा समोर बसली.

“आता उलट क्रमाने. सगळंच काढू, की नुसती गाठ?”

टेबलावर कपाचा ओला गोल उमटला होता. ती तो बोटाने पसरवत राहिली.

“तुम्ही हसाल, वन्सं.”

“हसेनच. आजवर काय वेगळं केलंय? बोल.”

“नुसती गाठ. रोज जावं लागलं तरी जाईन. पण साठीला आलेय, लोक म्हणतील, आता कसली हौस...”

“हौस? मी माझी हलणारी दाढ दोन वर्षं सोडली नव्हती! तुझा तर धडधाकट अवयव आहे.”

दोघी हसत सुटल्या. हसता हसता तिला रडू फुटलं. नणंदेने हाताला लागलं ते टेबलपुसणं पुढे केलं.

“हे ओलं आहे, वन्सं.”

“असू दे. अजून ओलं कर.”

लग्नानंतर कितीतरी वर्षं ती या बाईला टरकून होती. आणि घरात तिला एखादी गोष्ट दोनदा विचारणारी निघाली तीही हीच. तिने टेबलपुसण्याने डोळे टिपले आणि नणंदेचा हात जरा वेळ धरून ठेवला.

सकाळी डॉक्टरीणबाईंना तिने स्वतःच सांगितलं. त्यांनी ‘का’ म्हणून विचारलं नाही. रोज येणं जमेल का, एवढं विचारलं. गाठीच्या कडेला कॅन्सरचं काही उरलं तर पुन्हा एखादं छोटं ऑपरेशन लागू शकतं, तेही सांगितलं. जमेल, ती म्हणाली. त्यांचे आभार मानून ती उठली.

बाहेर बाकावरून नवरा घाईने उठला. “ठरलं?”

बाकावर शेजारी बसलेली नणंद मुद्दाम भिंतीकडे बघू लागली.

“नुसती गाठ काढायची,” ती म्हणाली. “काल बोलले ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून.”

तो म्हणाला, “मला भीती वाटते गं.”

“मलाही वाटते.”

त्याने मान हलवली. मग तिच्या खांद्यावरची पर्स काढून स्वतःच्या खांद्याला लावली. पट्टा आखूड होता, पर्स त्याच्या काखेत जाऊन बसली. लिफ्टमधली माणसं त्या लाल पर्सकडे बघत होती. तो दाराकडे तोंड करून ताठ उभा राहिला.