टिल्लीची दुपारची झोप

लष्कराच्या वर्कशॉपमध्ये माझ्या हाताखाली चाळीस ट्रक आणि अकरा माणसं आहेत. फाटकावरच्या वहीत सही न करता कोणी गाडी बाहेर काढली, तर मी त्याची अशी खरडपट्टी काढते की आठवडाभर तो माझ्यासमोर यायचं टाळतो. आणि हीच मी, सहा वर्षं स्वतःच्या घरातून चोरासारखी निघत आले.

युक्ती सासूबाईंची. टिल्ली, म्हणजे माझी लेक, तेव्हा वर्षाची होती. पहिल्यांदा रजा संपवून निघताना तिनं माझा पट्टा इतका घट्ट धरला की नवऱ्याला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पुढच्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, "दुपारी ती झोपली की निघत जा. उठल्यावर रडेल थोडी, मी बघते तिचं." मला ते लगेच पटलं. सोयीचं होतं ना.

मग त्याची पद्धतच पडली. बॅग आदल्या दिवशीच शेजारच्या शिंपीणबाईंकडे नेऊन ठेवायची. टिल्लीला थोपटायचं, ती भिंतीकडे तोंड करून गप्प झाली की अनवाणी बाहेर पडायचं आणि बूट जिन्यात घालायचे. वर्कशॉपमध्ये लेकुरवाळे सगळे हेच करायचे. कोणाचं पोर किती वेळात झोपतं यावर चहाच्या वेळी गप्पा रंगायच्या. "माझी पोर गुणाची, पाच मिनिटांत ढाराढूर," असं मी फुशारकीनं सांगायचे. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

या वेळची बदली समुद्रापलीकडे होती, दोन वर्षांची. मधे रजा मिळेल की नाही, कोणी सांगत नव्हतं. टिल्ली सात वर्षांची झाली होती. मी ठरवलं, आता लपवाछपवी पुरे, तोंडावर सांगायचं.

"सहा वर्षांनी सुचलं तुला," नवरा म्हणाला. तो औषधांच्या दुकानात काम करतो, मोजकंच बोलतो, पण जे बोलतो ते झोंबतं. त्या दिवशी तो अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून घरी थांबला होता.

जेवणं झाली. टिल्ली पलंगावर बसून वेणी सोडत होती. मी शेजारी जाऊन बसले.

"टिल्ली, मी आज जाणार आहे. चारच्या बसनं. या वेळी दोन वर्षं लागतील."

"माहितीये," ती म्हणाली.

"बाबांनी सांगितलं?"

"नाही. तू नखं कापलीस. आणि पोट भरलं का, असं मला तीनदा विचारलंस. जायच्या दिवशी तू असंच करतेस."

"म्हणजे दर वेळी तुला कळायचं? मग झोप कशी लागायची?"

"झोपायचे कुठे? नुसते डोळे मिटून पडायचे. तू जिन्यात बूट घालून खाली गेलीस की उठायचे."

"अगं, मग हाक का नाही मारलीस मला?"

कामावर नवीन आलेल्या पोराला मी एखादी साधी गोष्ट समजावून सांगते ना, तशी ती शांतपणे म्हणाली, "मी जागी असले तर तुझा पाय निघत नाही. मग तुला उशीर होतो आणि साहेब ओरडतात. आजीनं सांगितलं होतं."

मी तिला जवळ ओढलं. किती वेळा थोपटलं होतं मी या पाठीवर, आणि कळायला लागल्यापासून दर वेळी ती जागी होती. तिला रडायला लागू नये म्हणून मी हे करते, अशी मी माझी समजूत घातली होती. खरं तर तिचं रडणं मला बघवत नव्हतं, आणि ते त्या एवढ्याशा जिवानं ओळखून मला सांभाळून घेतलं होतं. मला माझी लाज वाटली. दारात उभा असलेला नवरा मान वळवून आत निघून गेला.

टिल्लीनं माझ्या मिठीतून डोकं बाहेर काढलं, घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "मग आज मी झोपू, की नको?"