दहाव्याचा फलक

मित्रांनो, अक्षरंही दमतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी संगणकातला एक फॉन्ट आहे, वीस वर्षांचा, आणि आता फार दमलो आहे.

माझा जन्म साताऱ्यातल्या एका बालवाडीतला. तिथल्या संयोगिताबाई मुलांसाठी जाड खडूनं अक्षरं काढायच्या. त्यांचा 'क' पोट पुढं काढून उभा राही, वेलांटी तिरक्या टोपीसारखी बसे आणि वरची रेघ कधी सरळ नसे. त्यांच्या लेकीनं, क्रांतीनं, ती अक्षरं संगणकात उतरवली. तोच मी.

लग्नानंतर क्रांतीनं आष्ट्यात फ्लेक्सचं दुकान टाकलं. सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. बारशाची पत्रिका, बर्फाच्या गोळ्याची गाडी, शाळेचा बालमेळावा. दोन-चार मोठे शब्द असले की मी खुलायचो. पुढं मला कुठंही जुंपलं गेलं. औषधफवारणीच्या बारीक सूचनाही माझ्यातच छापल्या; डोळे ताणून वाचणारे मलाच नावं ठेवायचे.

मग माजी सैनिक हंबीरराव वारले. त्यांच्या पंचाहत्तरीचा फलक माझ्यातच झाला होता. क्रांतीनं घाईत तीच फाइल उघडली, फोटो तोच ठेवला, शुभेच्छा पुसून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. अक्षरं बदलायची राहून गेली; तिथंही मीच राहिलो.

दहावं एका दिवसावर आलं होतं. फलक न्यायला त्यांच्या पत्नी रंगूबाई पुतण्याबरोबर आल्या. पुतण्याला फलक लय भारी वाटला. रंगूबाई मात्र बघतच राहिल्या.

"मला वाचाया येत न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या. "पर ही अक्षरं नाचत्यात गं. मालक जलमभर ताठ उभं ऱ्हायलं. दहाव्याला नाचवू नगंस त्यास्नी."

क्रांतीचा चेहरा उतरला. "चुकलं, आजी. बसा, दुसरा करून देते."

एवढं कोण बघतंय, असं पुतण्या पुटपुटला. रंगूबाई हलल्या नाहीत. क्रांतीनं साध्या, सरळ, ठळक अक्षरांत नाव लिहिलं आणि फलक पुन्हा छापला. शाई ओली होती. रंगूबाईंनी नावावरून वरच्या वर हात फिरवला.

"आता त्येच दिसत्यात," त्या म्हणाल्या.

मला वाईट वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. मित्रांनो, लेकराच्या वाढदिवसाला मला हाक मारा, दमलो असलो तरी येईन. दुःखाच्या दारात मात्र नेऊ नका. तिथं कसं उभं राहायचं, हे मला कुणी शिकवलेलंच नाही.