नापासरावांनी पास केलेलं पुडिंग

पुडिंगकाकूंचं आणि टीव्हीवरच्या टोपीवाल्याचं रोज दुपारी भांडण व्हायचं. म्हणजे भांडायच्या त्या एकट्याच. तो बिचारा पडद्याच्या आत, उंच पांढरी टोपी घालून अंडी फेटत उभा असायचा. "अरे, पांढरं आधी वेगळं कर ना! गाडी चुकतेय का तुझी?" काकू सोफ्यावरून ओरडायच्या. टीव्हीवर कधी कोणाचा केक बसत नाही, बसला तर दाखवतच नाहीत. पण काकूंना तो बसलेला दिसायचाच. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं त्या मोठ्याने म्हणायच्या, घरात ऐकायला कोणी नसलं तरी. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, नवरा कामावर.

भांडायचा हक्कच होता त्यांना. चॉकलेट केक, लिंबाचं क्रीम, ॲपल पाय, आणि सगळ्यांच्या वर कॅरॅमल पुडिंग. अख्ख्या इमारतीत असं एक घर नव्हतं जिथे काकूंची वाटी गेली नव्हती. खालच्या मजल्यावरची शिलाईवाली तर म्हणायची, काकू, तुमची साखर वितळायला लागली की माझं मशीन आपोआप थांबतं. कॅरॅमलचं सगळं गणित काकूंच्या नाकात होतं. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडायची, आत उजेड म्हणजे नावाला. भांड्यात रंग कोणता आलाय ते दिसायचं कोणाला? काकू डोळे मिटून उभ्या राहायच्या. साखर जळायच्या एक श्वास आधी एक वास येतो, म्हणे. तो आला की झटकन भांडं खाली.

आता नवऱ्याचं सांगते. तो कारखान्यात तपासनीस. यंत्राचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत हे बघायचं आणि नसले तर लाल खूण करून बाजूला टाकायचे, एवढंच त्याचं काम. ते तो इतक्या कडकपणे करायचा की कामगारांनी त्याचं नाव नापासराव ठेवलं होतं. केसाएवढी चूक असो, नापास. मालकाच्या मेहुण्याने बनवलेला असो, नापास. आणि हाच माणूस घरी आला की ताटात पडेल ते मान खाली घालून खाणार, वाटी चाटूनपुसून ठेवणार. असली माणसं पाहिली आहेत का तुम्ही? मी पाहिली आहेत, पुष्कळ.

त्या थंडीत काकूंना ताप आला. साधाच, सगळ्यांना येत होता तसला. आठवडाभर पडून होत्या, मग उठल्या आणि हौसेने साखर चढवली. डोळे मिटून उभ्या राहिल्या. उभ्याच राहिल्या. शेवटी शिलाईवाली धावत वर आली आणि दार बडवायला लागली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले, तर स्वयंपाकघर धुराने भरलेलं आणि भांड्यात कोळसा.

मग काय काय हुंगून झालं नाही! लवंग, कांदा, व्हिनेगर, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. जिभेवर मीठ ठेवलं तर वाळू, साखर ठेवली तरी वाळू. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. काहींचं येतं, काहींचं नाही येत. वाट बघायची." काकू घरी येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. "अहो, हात तोडला असता तरी चाललं असतं हो," त्या म्हणाल्या. नापासराव जवळ उभे राहिले.

ही गोष्ट दोघांनी बाहेर फुटू दिली नाही. मुलीलासुद्धा सांगितलं नाही. भांडं जळालं त्याचं काय, डुलकी लागली म्हणून सांगता येतं.

आणि नेमका तेव्हाच फोन आला! मुलीने कधीतरी सुट्टीत काकूंचा पुडिंग करतानाचा व्हिडिओ काढून त्या दुपारच्या कार्यक्रमाला पाठवला होता. घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांची स्पर्धा होती, टोपीवाला स्वतः परीक्षक. काकूंची निवड झाली होती. तेच पुडिंग करायचं होतं, त्याच्यासमोर.

शहाण्या बाईने नाही म्हटलं असतं. काकू "हो" म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण त्यांचंही खरंच होतं. थंडीपासून त्या घरात नुसत्या भुतासारख्या वावरत होत्या. टीव्ही लावायच्या तो आवाज बंद करून. हे पुडिंग जमलं तर आपण अजून त्याच आहोत, नाही जमलं तर काहीच नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

"नाक गेलं तर गेलं, तुमची जीभ आहे ना?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कारखान्यात कसं मापता, तसं मापायचं. कमी, जास्त, बरोबर. तीनच शब्द. माझी भीड ठेवायची नाही, शपथ आहे माझी."

"बरं," नापासराव म्हणाले.

पहिलं पुडिंग झालं. त्यांनी चमचा तोंडात घातला, घास जिभेवर नीट घोळवला, कारखान्यात घालतात तशी कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "किंचित जास्त. कडवट लागतंय."

झालं! काकूंनी वाटी उचलली, मोरीत ओतली आणि तिथेच फरशीवर बसल्या. दोन दिवस चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने पाव आणून पुढे ठेवला, त्यालाही हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. फोन करून कार्यक्रमवाल्यांना नाही म्हणून सांगा, एवढं एकच वाक्य बोलल्या. नापासरावांनी फोन केला नाही. उठवून, समजावून, हातापाया पडून त्यांना पुन्हा ओट्यापाशी उभं केलं.

दुसरं पुडिंग झालं. नापासरावांनी चाखलं.

"बरोबर," ते म्हणाले.

"खरंच?"

"अगदी बरोबर गं."

काकूंचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. मग तिसरं, चौथं, सगळी बरोबर. काकू आता रंगावरून अंदाज घेत होत्या, भांडं दिव्याखाली तिरकं धरून. वाट्या पुन्हा इमारतीत जाऊ लागल्या आणि पूर्वीसारख्याच लख्ख धुऊन परत येऊ लागल्या. शिलाईवाली म्हणाली, "काकू, हात तोच हो तुमचा!" काकू ओट्यापाशी गुणगुणायला लागल्या. टीव्हीचा आवाज चालू झाला आणि टोपीवाल्याला पुन्हा शिव्या बसायला लागल्या.

स्टुडिओ म्हणजे एक मोठी गोदामासारखी खोली होती. तीन ओटे मांडलेले, वर डोळे दिपवणारे दिवे, आणि कडेला घरच्या मंडळींसाठी खुर्च्या. नापासराव तिथे हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. टोपीवाला प्रत्यक्षात काकूंच्या मुलीच्या वयाचा निघाला. टोपीच्या खाली घामाघूम. "काकू, तुम्ही मला रोज शिव्या घालता असं कळलंय," तो हसत म्हणाला. मुलीने तेही कळवलं होतं, कार्टीने! सगळे हसले, काकू लाजल्या, आणि त्यांची भीती पार पळाली.

त्यांनी साखर घरी करायच्या तशीच केली, त्याच रंगावर उतरवली. व्हॅनिला तसाच ओतला. पुडिंग ताटलीत उलटं केलं तेव्हा जराही तडा न जाता थरथरत उभं राहिलं. दिसायला असं देखणं, की बाजूची स्पर्धक बाई आपलं काम सोडून बघत राहिली.

टोपीवाल्याने चमचा भरला आणि तोंडात घातला. कॅमेरा जवळ आला. त्याने घास गिळला, पण गिळायला त्याला वेळ लागला. मग तो पाणी प्यायला.

"काकू, तुम्ही हे चाखलंत?"

"हो," काकू म्हणाल्या. "छान झालंय."

त्याने दुसरा चमचा भरून त्यांच्या हातात दिला. काकूंनी खाल्ला. थंड, मऊ, वाळू. त्या तशाच हसत राहिल्या. "बरोबर झालंय की," त्या म्हणाल्या. कोणीतरी कॅमेऱ्यामागे तोंडावर हात दाबला. बाजूच्या बाईने एक चमचा चाखून बघितला आणि घाईघाईने कागदी रुमाल तोंडाला लावला.

"घरी कोण चाखतं?" टोपीवाल्याने हळूच विचारलं.

"हे काय, हे बसलेत ना!" काकूंनी मोठ्या तोऱ्यात बोट दाखवलं. "रोज चाखतात. आणि साधेसुधे नाहीत हो, तपासनीस आहेत. एक चूक सुटायची नाही."

कॅमेरा वळला. दिवा वळला. नापासराव त्या उजेडात बसले होते, आणि ज्या माणसाने मालकाच्या मेहुण्याचा भाग तोंडावर नापास केला होता, त्याला मान वर करता येईना.

"काका?" टोपीवाला म्हणाला.

"बरोबर असतं," ते गुडघ्यांकडे बघत म्हणाले.

आता मात्र सगळा स्टुडिओ हसला. एक टोपीवाला तेवढा हसला नाही. त्याने हात वर करून कॅमेरा थांबवला आणि काकूंच्या कानाशी वाकून विचारलं, "काकू, वास येत नाही ना तुम्हाला?" काकू नवऱ्याकडे बघत होत्या. तो भाग दाखवणार नाही, असं टोपीवाल्याने कबूल केलं. चांगला मुलगा होता, उगाच कशाला नाव ठेवा. पण दाखवला काय आणि नाही काय, काकूंनी तर पाहिला होता.

घरी आल्यावर काकूंनी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"कधीपासून?"

"दुसऱ्यापासून," नापासराव म्हणाले.

"म्हणजे सगळीच?"

"सगळी."

"कशी लागायची?"

त्यांनी जरा विचार केला. आता खोटं बोलून उपयोग नव्हता. "जळकी. आणि व्हॅनिला फार. खोकल्याच्या औषधासारखी."

"आणि तुम्ही खात होतात?"

"टाकणार कुठे? तू बघितलं असतंस."

काकू खुर्चीत बसल्या. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी वर बघितलं. "आणि लोक? वाट्या धुऊन यायच्या त्या?"

नापासरावांनी तेही सांगितलं. तू वाटी द्यायचीस, मग मी मागून जायचो. घरोघरी. म्हणायचो, खाऊ नका, टाकून द्या, वाटी तेवढी धुऊन पाठवा, आणि तिला काही बोलू नका. कोणी नाही म्हटलं नाही गं. सगळी माणसं चांगली आहेत. शिलाईवाली तर रडली.

"म्हणजे अख्ख्या इमारतीला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "एक मीच तेवढी येडी."

"तू गुणगुणत होतीस गं," नापासराव म्हणाले. "रोज ठरवायचो, आज सांगू. कालसुद्धा ठरवलं होतं. दारापर्यंत आलो, तर तू गात होतीस. वाटलं, तोवर येईल वास. डॉक्टर म्हणाले होते ना, काहींचं येतं म्हणून."

काकूंना ओरडायचं होतं. भांडी आपटायची होती. पण या माणसाने महिनोन्‌महिने रोज वाटीभर कडू जहर आपल्यासमोर बसून गिळलं आणि वर बोटं चाटली, हे त्यांना दिसत होतं, आणि त्यावर ओरडायचं तरी काय? राग असता तर उतरला असता. हे त्याहून वाईट होतं.

"माझं नाक गेलं तेव्हा मी म्हटलं, यांचं आहे," त्या एवढंच म्हणाल्या. "आता तेही गेलं."

"यापुढे खरं सांगेन. जे असेल ते. शपथ घेतो."

"शपथ मागेही घातली होती मी."



पुडिंग पुन्हा झालं नाही. भांडी काकूंनी शिलाईवालीला देऊन टाकली. ती नको नको म्हणत होती, पण तिच्या डोळ्यांत दया होती आणि ती काकूंना सहन होईना, म्हणून भांडी तिथेच ठेवून त्या वर निघून आल्या. दुपारी टीव्ही बंद असायचा. जेवण साधं, मीठ मोजून, कसं झालंय ते कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही. नापासराव मात्र बदलले. न विचारता खरं बोलायला लागले. "आज मीठ कमी आहे," म्हणायचे. "आज भात लागलाय." काकू ऐकून घ्यायच्या आणि मान हलवायच्या. हे खरं आहे की आपल्याला पटावं म्हणून मुद्दाम काढलेली खोट आहे, हे त्यांना कसं कळणार?

एका संध्याकाळी चहा झाला. दोघं बाहेरच्या खोलीत बसली होती. काकू मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, गॅसचा वास येतोय का?"

नापासरावांनी मान वर करून दोनदा खोल श्वास घेतला, कामावर घेतात तसा, अगदी मन लावून. "नाही गं. मीच बंद केलाय, बघितलाय."

काकू थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं ओळखीचं तोंड. मग त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि शेगडीचं एकेक बटण हाताने चाचपून पाहिलं. सगळी बंद होती.